पात्यासकट रंधा

शुभ्राने दप्तरातून चिठ्ठी काढली आणि माझ्या ओल्या हातावर ठेवली. मी तिचा डबा घासत होते. चिठ्ठीवर एकच शब्द होता, कार्पेंटर.

तिसरीत त्यांना 'सेटलर्स' नावाचा धडा आहे. नव्या मुलखात वस्ती करायला गेलेली माणसं, त्यांनी झाडं तोडून बांधलेली घरं, त्यांचे सुतार, लोहार, गिरणीवाले. प्रत्येक मुलाने चिठ्ठी उचलून एकेक धंदा घ्यायचा, शुक्रवारी शाळेच्या हॉलमध्ये टेबल मांडायचं आणि आलेल्या पालकांना माहिती सांगायची; चांगल्या टेबलांना नंबर मिळणार होते. सोबतच्या कागदावर ओंडक्यांच्या घराचं चित्र होतं आणि कडेला रंधा, करवत, वाकस, पटाशी. खाली सूचना होती की शक्य असल्यास खरं हत्यार आणावं. चित्रांखालची इंग्रजी नावं मी नंतर वाचली. वस्तू त्याआधीच ओळखल्या होत्या.

"ममा, व्हाय आर यू मेकिंग दॅट फेस?"

"कुठला फेस? जा, हात धू आधी."

माझे बाबा सुतार होते. बाबाजी सुतार, कुडाळजवळच्या आमच्या गावात दारं, खिडक्या, देवघरं करायचे. लहानपणी मी त्यांच्या समोर बसून दगडावर पाणी घालायचे आणि ते पात्याला धार लावायचे. पुढे पुण्याला कॉलेजात गेले. तिथे होस्टेलच्या पहिल्याच आठवड्यात कुणीतरी विचारलं, वडील काय करतात. मी म्हटलं, टिंबरचा बिझनेस आहे. तेव्हा ते तोंडातून कसं आलं मला आजही सांगता येणार नाही, पण मागे घेतलं नाही एवढं खरं. सिद्धांतला लग्नाआधी सगळं सांगितलं होतं. त्याने खांदे उडवले आणि म्हणाला, मग काय झालं. त्याच्या नातेवाइकांत, इथे शारजात अल मजाजच्या आमच्या टॉवरमध्ये, शाळेच्या आयांमध्ये, टिंबरचा बिझनेस मीच चालू ठेवला. बाबा जाऊन चार वर्षं झाली, तरी चालूच.

त्या रात्री मी ऑनलाइन शोधलं. प्लॅस्टिकचा सुतारकामाचा खेळ दीडशे दिरहम, म्हणजे साडेतीन हजार रुपये. त्यातल्या रंध्याला पातंच नव्हतं. शुभ्रा माझ्या खांद्यावरून बघून म्हणाली, "दॅट्स फॉर बेबीज."

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, मेंटेनन्सचा सुतार आला. बाथरूमचं दार फुगलं होतं. खाडीच्या दमट हवेने आमच्या टॉवरमधली दारं सप्टेंबरपर्यंत फुगून बसतात. शुभ्रा एकदा आत अडकून रडली होती, तेव्हापासून मी रोज तक्रार टाकत होते. माणूस पन्नाशीचा, बारीक, निळा युनिफॉर्म, छातीवर इंग्रजीत नाव. रामेश्वर. त्याने दार बिजागरीतून काढलं, बाल्कनीत आडवं टेकवलं आणि पिशवीतून लाकडी रंधा काढला. काळपट, हात फिरून फिरून गुळगुळीत झालेला.

"मशीन नहीं लाया?" मी विचारलं.

"मशीन का आवाज होता है, मॅडम. नीचेवाले बोलते हैं, बच्चा सोया है."

तो कामाला लागला. पहिल्याच हाताला रंध्यातून कागदासारखी पातळ, अखंड गुंडाळी निघाली आणि खाली पडली. मी स्वयंपाकघरात जायचं म्हणून उठले होते, ते दारातच उभी राहिले. तेवढ्यात शुभ्रा त्या गुंडाळ्या उचलायला धावली आणि तिचा पाय खाली ठेवलेल्या करवतीला लागला.

"पाया पड तिच्या," मी म्हटलं.

"व्हॉट?"

"हत्याराला पाय लावायचा नाही. हात लाव आणि कपाळाला लाव."

तिने गोंधळून तसं केलं. रामेश्वरचा हात थांबला. त्याने मान वर केली आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं.

"तुमी खंयच्या?"

किती वर्षांनी कुणी मला हे विचारलं होतं. घरात आम्ही दोघीच होतो. ऐकायला दुसरं कुणी नव्हतं. मी म्हटलं, "कुडाळच्या जवळची. माझे बाबा सुतारच होते. बाबाजी सुतार."

"मगे असा सांगा," तो हसला. "मी माणगावचो. म्हणजे तुमी सुताराचा चेडू आणि ह्यां दार बाहेरच्याकडून तासून घेतास."

"मला रंधा मारता येत नाही हो. फक्त पाणी घालायचे."

"तां पण येवक व्हया."

मग तो बोलत राहिला. हा रंधा त्याला एका म्हाताऱ्या मलबाऱ्याने दिला होता. शारजाच्या खाडीवर लाकडी होड्या बांधायचा, घरी कायमचा परत जाताना देऊन गेला. त्याने पातं काढून मला दाखवलं. वर सगळं साधं लोखंड, आणि टोकाशी जेमतेम करंगळीच्या नखाएवढी पोलादाची पट्टी उरलेली. दर धारेला थोडं पोलाद जातं. ग्राइंडरवर धरलं तर तापून त्याचं पाणी उतरतं, म्हणून हा हातानेच दगडावर घासायचा. जपून वापरला तर अजून पाच-सहा वर्षं जाईल, म्हणाला.

आणि शनिवारी त्याची परीक्षा होती. अल ऐनला एक कंत्राटदार जुन्या घरांची लाकडी दारं दुरुस्त करत होता. त्याला हाताने काम करणारे दोन सुतार हवे होते. मशीनची खूण लाकडावर दिसता कामा नये, अशी त्याची अट. रामेश्वरच्या कंपनीतून चौघे जण जाणार होते, शनिवारी सकाळी फळी साफ करून दाखवायची. निवड झाली तर दिवसभर दारं-कपाटांच्या तक्रारी घेऊन लिफ्टने वर-खाली फिरणं संपणार होतं.

"तेवीस वर्षां झाली हय," तो म्हणाला. "प्लायवूड कापून कापून हात आंधळे झाले. आता एकदा नीट काम करून घराक जावचा."

हे सगळं मी ऐकलं होतं. हे मला मुद्दाम लिहायचं आहे, कारण नंतर मी मनाशी म्हणत राहिले की मला पूर्ण कल्पना नव्हती. होती.

दार बसवून झालं. ते बोटाने ढकललं तरी मिटत होतं. मी चहा दिला आणि विचारलं, "दादा, हा रंधा शुक्रवारपुरता द्याल? शुभ्राच्या शाळेत मांडायचाय."

त्याने कप खाली ठेवला. सुतार आपलं हत्यार दुसऱ्याच्या हातात देत नाही, मला माहीत होतं. आमच्याकडे काका मागायला आले तरी बाबा रंध्याची पाचर ठोकून सैल करायचे, पातं काढून फडक्यात गुंडाळून ठेवायचे आणि नुसता लाकडी भाग पुढे करायचे. काकाही वाईट वाटून घेत नसत, आपलं पातं घेऊनच यायचे.

रामेश्वरनेही तेच केलं. हातोडीने पाचरीवर टकटक केलं आणि पातं सैल केलं.

"पात्यासकट द्या ना," मी म्हटलं. "नुसता ठोकळा काय दाखवणार मुलांना? मी हात लावू देणार नाही कुणाला. सुताराची मुलगी आहे, मला कळतं."

तो पात्याकडे बघत होता. मग त्याने पाचर पुन्हा ठोकली.

"खरा आसा. तुमका काय सांगूक व्हया."

ठरलं असं की शुक्रवारी अकरा वाजता तो दुबईत ऊद मेथाला शाळेच्या गेटवर येईल. कंपनीची व्हॅन तिथूनच जवळून अल ऐनला निघणार होती. जाताना त्याने शुभ्राच्या डोक्यावर हात ठेवला आणि मला म्हणाला, "येतंय, बाय." आमच्याकडे घरच्या लेकीला बाय म्हणतात.

शुक्रवारी मी साडेसातलाच हॉलमध्ये पोचले. शुभ्राने टेबलावर तपकिरी कागद अंथरला, मी मधोमध रंधा ठेवला. रंधा नेहमी कुशीवर ठेवतात, तळावर ठेवला तर धार टेकते. मी तो तळावर उभा ठेवला. तसा तो चित्रातल्यासारखा दिसत होता.

शेजारच्या टेबलाला विभावरी होती. तिच्या मुलाच्या वाट्याला गिरणीवाला आला होता. विभावरी आमच्या वर्गाच्या ग्रुपची ॲडमिन. सगळ्यांचे वाढदिवस तिच्या लक्षात असतात, आणि कोण कुठे राहतं, कुणाचा नवरा कुठे आहे, हेही.

"अगं, हे काय आणलंयस," ती म्हणाली. "माझी पिठाची पिशवी बघ आणि तुझं हे बघ. लाज काढलीस आमची. फॅमिली पीस आहे?"

"हो," मी म्हटलं.

"तुझ्या बाबांकडचा? टिंबर ना त्यांचं?"

त्या घटकेला मला वाटलं, टिंबरवरून रंध्यावर आणि रंध्यावरून सुतारावर यायला हिला दोन मिनिटंही लागणार नाहीत. "नाही, सिद्धांतच्या पणजोबांचा," मी म्हटलं. "त्यांना आवड होती. हॉबी म्हणून."

"सो क्लासी. मग लिहून ठेव ना." तिने स्वतःचं स्केचपेन मला दिलं. मी कार्डावर इंग्रजीत लिहिलं की शुभ्राच्या बाबांच्या पणजोबांचा रंधा, पुणे, अंदाजे एकोणीसशे वीस. शुभ्रा ते वाचत होती. तिने माझ्याकडे बघितलं, मी तिच्या वेणीची रिबन सारखी केली.

पालक यायला लागले. शुभ्रा पाठ केलेलं बोलत होती, सेटलर्स यूज्ड द प्लेन टु मेक बोर्ड्स स्मूथ. लोक वाकून बघत, फोटो काढत. मी रंध्यापासून हातभर अंतरावर उभी होते आणि कुणाचं बोट पुढे आलं की हसून म्हणत होते, शार्प आहे हं. दहा वाजता टीचर म्हणाल्या, डेमो केलात तर किती छान होईल. त्या स्टोअरमधून एक फळी घेऊन आल्या. जुन्या नोटीस बोर्डाची चौकट होती, हिरवा रंग दिलेली.

रंधा मारण्याआधी फळीवरून तळहात फिरवायचा असतो. बाबा डोळे मिटून फिरवायचे. खिळा, टाचणी, गाठ, सगळं हाताला लागतं. नोटीस बोर्डाची चौकट म्हणजे तिच्यात स्टेपलच्या पिना असणार, हे तर कुणालाही कळेल. माझा हात फळीकडे गेलाच होता. विभावरी फोन धरून शूटिंग करत होती.

"बघा, बघा, एक्स्पर्ट," ती म्हणाली.

मी हात मागे घेतला. म्हटलं, "नाही बाई, मला कुठलं येतंय. पणजोबांना विचारा."

"मग मी करते. धर फोन." विभावरीने ओढणी खांद्यावर टाकली, दोन्ही हातांनी रंधा उचलला आणि फळीवर ठेवला. मी फोन धरला. नको म्हणायला तेवढा वेळ होता. तिने जोर लावून ढकललं, हिरवा रंग खरवडत निघाला, आणि मग कर्र असा आवाज आला. लोखंडावर लोखंड. बाकीच्यांना तो रंध्याचाच आवाज वाटला असावा. कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

"हे तर वर्कआउट आहे," विभावरी म्हणाली. "मिळालं ना व्हिडिओत?"

मी रंधा घेतला आणि उलटा करून बघितला. पात्याच्या धारेला मधोमध खांडा पडला होता. तांदळाच्या कणीएवढा. तेवढ्याने फळीवर काय होतं तेही मला माहीत होतं. खांड्याच्या जागी लाकूड कापलं जात नाही, प्रत्येक हाताला एक बारीक उंचवटा उमटत जातो, सरळ रेघेसारखा. शनिवारी तो कंत्राटदार फळीवरून नुसती नजर फिरवील आणि त्याला रेघ दिसेल.

मी रंधा परत टेबलावर ठेवला. या वेळी कुशीवर, खांडा आतल्या बाजूला येईल असा.

अकराला पाच कमी असताना सिक्युरिटीने रामेश्वरला हॉलच्या दारापर्यंत आणून सोडलं. युनिफॉर्म नव्हता. इस्त्रीचा पांढरा शर्ट, केस पाणी लावून बसवलेले, खांद्याला पिशवी. तो हसत माझ्याकडे येत होता. शुभ्रा ओरडली, "ममा, दॅट अंकल!"

"कोण गं हे?" विभावरीने विचारलं.

"मेंटेनन्सवाले," मी म्हटलं. "आमच्या बिल्डिंगचे."

तो तोवर टेबलाशी पोचला होता. त्याने ते ऐकलं. मग त्याची नजर रंध्यावर गेली आणि रंध्यासमोरच्या कार्डावर. इंग्रजी तो वाचू शकतो हे मला त्याच्या डोळ्यांवरून कळलं. ओळ संपेपर्यंत ते हळूहळू सरकले. पुणे, एकोणीसशे वीस. हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं होतं, ते त्याने एकदम काढलं नाही, हळूच मावळू दिलं.

मला वाटलं, आता हा बोलेल. बोलावं असंही वाटलं. म्हणजे मला काही करावं लागलं नसतं.

"मॅडम," तो म्हणाला, "वो पॉलिश के लिए देना था ना आपको. अभी ले जाऊं क्या? गाडी खडी है."

स्वतःचं हत्यार परत मिळावं म्हणून त्याने माझ्या खोट्याला आपल्या खोट्याचा टेकू दिला होता.

"हां," मी म्हटलं. "ले जाओ."

"संभालके हां भैया," विभावरी म्हणाली. "अँटिक है."

"जी मॅडम." त्याने रंधा दोन्ही हातांनी उचलला, पिशवीतल्या फडक्यात गुंडाळला आणि गेला. मी खांड्याबद्दल एक शब्द बोलले नाही. दारापर्यंत वीस पावलं होती. मी ती मोजत उभी होते.

गाडीत बसल्यावर मी स्टिअरिंगवर हात ठेवून तशीच बसले. शुभ्रा मागे सीटबेल्ट लावून तयार होती.

"ममा, व्हाय डिड यू लाय?"

मी रामेश्वरला फोन लावला. तीनदा. उचलला नाही. मेसेज केला, पात्याला खांडा पडलाय, माझ्या चुकीने. दहा मिनिटांनी उत्तर आलं, रोमन अक्षरांत. देखा मॅडम. कोई बात नहीं.

मी शारजाकडे वळायच्या ऐवजी अल ऐनचा रस्ता धरला. वाटेत सिद्धांतचा फोन आला.

"जेवायला येताय ना दोघी? मी बिर्याणी मागवतोय."

मी सगळं सांगितलं.

"पणजोबा?" तो म्हणाला. "माझे पणजोबा तलाठी होते गं. त्यांना खिळा मारता यायचा नाही."

"हसू नकोस."

"हसत नाहीये. मी कधी सांगितलं होतं तुला लपवायला?"

"नाही."

"सावकाश चालव," तो म्हणाला.

लाल वाळूचे डोंगर, उंटांची कुंपणं, घाफची झाडं. शुभ्रा झोपली. मी दर थोड्या वेळाने आरशात तिची मान सरळ आहे का बघत होते. रामेश्वरकडून लोकेशन मागितलं, तेही त्याने पाठवलं. अल ऐनच्या सनायात, म्हणजे कारखान्यांच्या वस्तीत, वर्कशॉपांच्या रांगेत, पत्र्याची एक मोठी शेड होती. बाहेर जुनी दारं भिंतीला टेकवून ठेवली होती, खिळ्यांची फुलं असलेली, उन्हाने करडी पडलेली. शेडच्या सावलीत रामेश्वर उकिडवा बसून दगडावर पातं घासत होता. पांढरा शर्ट काढून खुंटीला टांगलेला, अंगात बनियन. मला बघून त्याने शर्ट ओढून घातला.

"मॅडम, तुम्ही कशाला आलात एवढ्या लांब? मुलीला घेऊन, उन्हात."

मराठी बोलला, पण शाळेतल्या पुस्तकासारखं. मी म्हटलं, "दादा, मला घासू द्या. थोडं तरी."

"नको."

"मला येतं."

"येत असेल. नको." त्याने पातं माझ्यापासून थोडं दूर धरलं. रागाने नव्हे. लहान मुलापासून सुरी दूर धरतात तसं.

दगड वाळला होता. बाजूला प्लॅस्टिकचा डबा होता. मी खाली बसले आणि दगडावर पाणी घातलं. त्याने नको म्हटलं नाही. तो घासत राहिला, मी घालत राहिले. जास्त घातलं तर घासून सुटलेलं कीट वाहून जातं, कमी घातलं तर पातं चिकटतं. हाताला आठवत होतं. शुभ्रा माझ्या पाठीशी येऊन उभी राहिली.

"हाऊ डू यू नो हाऊ टु डू दॅट?"

"माझे बाबा सुतार होते."

"लाइक, अ कार्पेंटर? फॉर रिअल?"

"हो."

"बट यू टोल्ड विभावरी आंटी..."

रामेश्वर मान खाली घालून घासत होता. मी डब्यातलं उरलेलं पाणी दगडावर घातलं. संपल्यावर शुभ्राला नळ दाखवला आणि ती डबा भरून घेऊन आली.

तासाभराने त्याने पातं उजेडात धरलं. खांडा बराच कमी झाला होता, केसाएवढा राहिला होता. पण वरचं करडं लोखंड आता जवळजवळ धारेला येऊन टेकलं होतं. त्याने नखाने दाखवलं. यापुढे घासलं तर धार लोखंडाला लागणार, आणि लोखंडाला धार राहत नाही.

"खलास," तो म्हणाला. "ह्याच्यापुढे काय नाय."

"दुसरं पातं? इथे मिळेल, मी आणते."

"मिळतं की. पण नवं पातं या रंध्यात बसवायला दोन दिवस जातात. उद्या सातला बोलावलंय."

शेडमधून फोरमन बाहेर आला, हमीद उस्ताद म्हणून हाक मारत होते त्याला. भरदार, पेशावरचा. त्याने रामेश्वरच्या हातातलं पातं बघितलं आणि जीभ टाळ्याला लावून च्च केलं. "ये क्या किया, मिस्त्री? कील पे चला दिया?"

मी उठले. "उस्ताद, ये मैंने..."

"हां उस्ताद," रामेश्वर मध्येच म्हणाला. "देखा नहीं मैंने."

हमीद आत गेला. मी म्हटलं, "का? मला सांगू द्या ना. तुमची चूक नाही म्हणून समजलं तर..."

त्याने दगड फडक्याने पुसला.

"हत्यार माझा," तो म्हणाला. "पात्यासकट दिलंय मी. कोणी सांगितल्यान होता देवक?"

शनिवारी सकाळी सात वाजता मी वर्गाच्या ग्रुपवर लिहिलं. लिहून खोडून चार वेळा. कालचा रंधा आमच्या घराण्यातला नाही, तो रामेश्वर नावाच्या सुताराचा आहे, त्यांनी विश्वासाने दिला होता. माझे वडीलही सुतार होते, टिंबरचा बिझनेस मी खोटा सांगत आले. कार्डावर मी चुकीचं लिहिलं. पाठवलं, आणि फोन उलटा ठेवून पोहे करायला घेतले. मला वाटत होतं आता ग्रुपमध्ये शांतता पसरेल, सोमवारी गेटवर कुणी नजर देणार नाही. त्याची मी तयारी केली होती. ते मला हवंही होतं.

पोहे होईपर्यंत बदाम आले. लाल बदामांची रांग. सो ब्रेव्ह. प्राउड ऑफ यू. किती इन्स्पायरिंग जर्नी. विभावरीने लिहिलं, डोळ्यात पाणी आलं गं, तू अशी आहेस हे माहीतच नव्हतं, पुढच्या टर्मला त्या अंकलना पण बोलावू या. खाली तिने स्वतःचा रंधा ढकलतानाचा व्हिडिओ पुन्हा टाकला. त्यात कर्र ऐकू येत होतं. दुपारी टीचरचा मेसेज आला.

चार वाजता रामेश्वरचा फोन आला. मी तो घेऊन बाल्कनीत गेले आणि सवयीने सरकतं दार मागे लावून घेतलं.

"घेतल्यानी माका," तो म्हणाला.

"खरंच?"

"घेतल्यानी, पण मशिनीर. आतल्या शेडात. दारांचा हातकाम नाय. फळयेर रेघ येय होती मां. उस्तादान बोट फिरवून बघितल्यान. बरो माणूस. म्हणालो, हात अच्छा है, औजार गया. दुसरो एक मलबारी घेतल्यानी हातकामाक."

"दादा, मी..."

"नाय, तां सोडा. तेच्यासाठी फोन करूक नाय. सामान आणूक शारजाक येतलंय सोमवारी, तुमच्या बेडरूमच्या दाराची तक्रार अजून उघडी दिसता. दुसरो येतलो आता, तेका सांगून ठेवतंय. बिजागरी बदला म्हणावा, तासू नको."

मी बरं म्हटलं. खाली खाडीच्या काठाने लोक चालत होते.

"आणि चेडवाचा काय झाला?" त्याने विचारलं. "शाळेचो तो प्रोजेक्ट. नंबर बिंबर आयलो काय?"

टीचरचा मेसेज अजून माझ्या स्क्रीनवर होता.

"आला," मी म्हटलं. "पहिला."

"बरा झाला मगे," तो म्हणाला, आणि त्याला ते खरंच बरं वाटलं होतं. त्याच्या मागे मशीन सुरू झालं. तो अजून काहीतरी बोलत होता, पण मला ऐकू येईना.